घोड्यांच्या कापणी यंत्रांत सुधारणा कशा होत गेल्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्नोत्तरे साधारणपणे 1820 ते 1890 या सत्तर वर्षांतील, घोड्यांच्या बळावर चालणाऱ्या गव्हाच्या कापणी यंत्रांविषयी आहेत. या यंत्रांचा विकास मुख्यतः स्कॉटलंड आणि अमेरिकेत झाला. ‘अमुक एकाने यंत्र शोधले आणि शेती बदलली’ अशी त्यांची गोष्ट सांगितली जाते. पण सुधारणांचा क्रम पाहिला तर दिसते ते असे की, एक काम यंत्राकडे गेले की अडचण पुढच्या कामापाशी जाऊन थांबत असे आणि पुढची सुधारणा तिथेच होत असे.

कापणी यंत्र नेमके कोणते काम करीत असे? मळणी त्यात येत होती का?

नाही. आजच्या कंबाइन हार्वेस्टरमध्ये कापणी, मळणी आणि उफणणी एकाच फेरीत होते. त्यामुळे हा गोंधळ होतो. सुरुवातीची यंत्रे फक्त उभे पीक कापून आडवे पाडीत. ते गोळा करणे, त्याच्या पेंढ्या बांधणे, पेंढ्या उभ्या करून वाळवणे आणि नंतर खळ्यावर मळणे ही सारी कामे वेगळी होती. मळणीची यंत्रे कापणीच्या यंत्रांपेक्षा आधी रूढ झाली होती, कारण मळणी एका जागी बसून करता येते आणि हिवाळ्यापर्यंत थांबूही शकते. कापणी थांबत नाही. गहू पिकल्यावर साधारण दहा दिवसांत काढला नाही, तर ओंब्यांतून दाणे झडू लागतात.

यंत्र येण्यापूर्वी एका माणसाची कापणी किती होत असे?

विळ्याने कापणाऱ्या माणसाचे दिवसभराचे काम एका एकराच्या आतच राहत असे. अमेरिकेत लांब दांड्याच्या मोठ्या कोयत्याला लाकडी बोटांचा सांगाडा जोडून कापणी करीत. तो चालवणारा सराईत माणूस दिवसाला दोन ते तीन एकर कापी, पण त्याच्यामागून पेंढ्या बांधणारा दुसरा माणूस लागेच. जमीन मुबलक आणि मजूर दुर्मीळ अशा त्या देशात शेतकरी किती पेरतो यापेक्षा त्या दहा दिवसांत किती कापू शकतो, यावर त्याचे उत्पन्न ठरत असे.

पहिले कापणी यंत्र कोणी बनवले?

‘कापणी यंत्र’ म्हणजे काय समजायचे, यावर उत्तर अवलंबून आहे. रोमन काळात गॉल प्रांतात, म्हणजे आजच्या फ्रान्स-बेल्जियमच्या परिसरात, जनावराने मागून ढकलायची दोन चाकी पेटी वापरात होती. तिच्या पुढच्या कडेला फणीसारखे दाते असत आणि त्यांत अडकून ओंब्या तुटून पेटीत पडत. रोमन लेखक प्लिनीने तिचा उल्लेख केला आहे आणि 1958 मध्ये बेल्जियममधील ब्यूझेनोल येथे तिचे शिल्पही सापडले. मात्र ती धाटे कापत नव्हती.

आधुनिक काळात, शेतात खरोखर चाललेले आणि अनेक हंगाम टिकलेले पहिले यंत्र म्हणून स्कॉटलंडमधील पॅट्रिक बेल याच्या यंत्राकडे बोट दाखवता येते. बेल धर्मशास्त्राचा विद्यार्थी होता आणि पुढे पाद्री झाला. बागेतील झुडपे छाटायच्या कात्रीवरून त्याला कल्पना सुचली. 1828 मध्ये त्याने बनवलेल्या यंत्राच्या पुढच्या कडेला कात्र्यांची रांग होती, पीक कात्र्यांवर झुकवणारा फिरता पंखा होता आणि कापलेले पीक एका बाजूला नेऊन टाकणारा कापडी पट्टा होता. शेतात नेण्याआधी त्याने एका छपराखाली माती पसरून, त्यात ओटच्या काड्या एकेक करून रोवून यंत्राची परीक्षा घेतली होती. घोडे यंत्राच्या मागे जुंपलेले असत आणि यंत्र पुढे ढकलीत. बेलने पेटंट घेतले नाही. यंत्र सर्वांना मोकळेपणाने वापरता यावे, अशी त्याची इच्छा होती. हायलँड सोसायटी या स्कॉटलंडमधील शेतीविषयक संस्थेने त्याला 50 पौंडांचे बक्षीस दिले आणि 1868 मध्ये, त्याच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, 1000 पौंडांची थैली अर्पण केली.

मग सायरस मॅकॉर्मिकला कापणी यंत्राचा जनक का म्हणतात?

त्याचे यंत्र टिकले, विकले गेले आणि त्याने ते विकण्यात आयुष्य घालवले म्हणून. व्हर्जिनियातील रॉकब्रिज परगण्यात वॉलनट ग्रोव्ह या घरच्या शेतावर त्याचे वडील रॉबर्ट मॅकॉर्मिक वर्षानुवर्षे अशा यंत्राच्या मागे होते. 1831 च्या उन्हाळ्यात सायरसने स्टील्स टॅव्हर्न येथे स्वतःचे यंत्र चालवून दाखवले. या घडणीत जो अँडरसन या गुलाम कारागिराचा हातभार होता. पेटंटवर त्याचे नाव नाही आणि असण्याची शक्यताही त्या व्यवस्थेत नव्हती.

पेटंट घेण्याच्या बाबतीत मात्र ओबेड हसी पुढे होता. हसी पूर्वी खलाशी होता. त्याने 2 जुलै 1833 रोजी ओहायोतील कार्थेज येथे यंत्र चालवून दाखवले आणि 31 डिसेंबर 1833 रोजी पेटंट मिळवले. त्याच्या यंत्राची हकीकत नियतकालिकात वाचल्यावर मॅकॉर्मिकने जाहीर पत्र लिहून आपला हक्क सांगितला आणि 21 जून 1834 रोजी स्वतःचे पेटंट घेतले.

दोन्ही यंत्रे शेजारी ठेवली, तर एकात जे नव्हते ते दुसऱ्यात होते. मॅकॉर्मिककडे पीक पात्यावर झुकवणारा पंखा होता, पण कापलेले पीक ओढणाऱ्या माणसाला यंत्राच्या बाजूने चालत राहावे लागे. हसीने त्या माणसाला यंत्रावर बसवले, पण त्याच्याकडे पंखा नव्हता. पाते मात्र हसीचेच श्रेष्ठ होते. आमच्या मते यांत्रिक दृष्टीने श्रेयाचा मोठा वाटा हसीकडे जातो. धंद्याचे कौशल्य मॅकॉर्मिकचे. 1842 मध्ये मॅकॉर्मिकची 7 यंत्रे विकली गेली, 1843 मध्ये 29 आणि 1844 मध्ये 50. गव्हाची शेती पश्चिमेकडे सरकते आहे हे ओळखून 1847 मध्ये त्याने शिकागोत कारखाना काढला आणि शेतकऱ्यांना हप्त्याने यंत्रे देऊ केली.

पात्यात नेमकी कोणती सुधारणा झाली? सगळा भर त्याच्यावर का दिला जातो?

विळ्याने कापताना आपण एका हाताने धाटांची मूठ धरतो, ती उगाच नव्हे. सुटे धाट धारेपुढे वाकते आणि पुन्हा उभे राहते. धाट धरून ठेवायचे कसे, हाच कापणी यंत्राच्या रचनेतला मूळ प्रश्न होता.

यावर तीन मार्ग आजमावले गेले. स्कॉटलंडमधील डीन्स्टनच्या जेम्स स्मिथने जमिनीलगत वेगाने गोल फिरणारे पाते लावले. धाटाला वाकायला वेळच मिळू नये, हा त्यामागचा विचार. बेलने कात्र्या वापरल्या. त्यांत दोन धारा एकमेकींवर येत असल्याने धाट निसटत नाही, पण प्रत्येक कात्रीची खीळ, प्रत्येक धार आणि त्यांचा परस्परांशी मेळ सांभाळणे शेतावर कठीण जाई. तिसरा मार्ग सरळ पट्टीसारखे पाते डावीकडे-उजवीकडे हलवण्याचा. मॅकॉर्मिकच्या आरंभीच्या यंत्रात दातेरी धारेचे असे सरळ पाते होते आणि धाटे अडवण्यासाठी पुढे आलेली बोटे होती.

हसीने हा तिसरा मार्ग पुढे नेला. त्याने अखंड धारेऐवजी पोलादाचे त्रिकोणी तुकडे एका पट्टीवर ओळीने रिव्हेट केले आणि ही पट्टी लोखंडी बोटांच्या फटींतून मागेपुढे सरकवली. बोट धाटाला आधार देते आणि त्रिकोणाची तिरपी कड त्याला बोटाशी दाबून कापते. एखादा त्रिकोण दगडावर आपटून मोडला, तर रिव्हेट काढून तेवढाच बदलता येतो. सबंध पाते लोहाराकडे न्यावे लागत नाही. कापणीच्या ऐन दिवसांत लोहाराकडे घालवलेली दुपार म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

एक दोष उरला होता. बोटांच्या फटीत ओल्या काड्या आणि गवत अडकून पाते जाम होई. 1847 च्या पेटंटात हसीने बोटाची फट एका अंगाने उघडी ठेवली आणि अडकलेला कचरा तिथून आपोआप बाहेर पडू लागला. एवढीशी गोष्ट, पण तिच्यामुळे यंत्र ओलसर सकाळीही चालू लागले. मॅकॉर्मिकने 1845 च्या पेटंटात बोटांचा आकार बदलला होता; पुढे मात्र त्याच्यासह सर्वच कारखानदार हसीच्या पद्धतीच्या पात्याकडे वळले. गव्हासाठी धार बारीक दातेरी ठेवावी आणि गवतासाठी गुळगुळीत, हेही अनुभवाने ठरत गेले.

यंत्राला इंजिन नव्हते, तर पाते हलत कसे होते?

जमिनीवर फिरणाऱ्या मोठ्या चाकाच्या जोरावर. घोडे यंत्र ओढीत, मुख्य चाक जमिनीला पकडून फिरे, त्याच्या आसाशी जोडलेली दातेरी चक्रे तो वेग वाढवीत आणि शेवटी क्रँक (फिरणारा वाकडा दांडा) व एक जोडदांडा त्या गोल गतीचे पात्याच्या सरळ हालचालीत रूपांतर करीत. चाकाची पकड हा सगळ्यात नाजूक दुवा होता. म्हणून चाकाच्या धावेवर आडवे उंचवटे ठेवीत. तरी चिखलात चाक घसरले की पाते थांबे आणि पीक न कापताच खाली दाबले जाई.

याचा दुसरा परिणाम असा की, घोडे थबकले की पातेही थबके. दाट पिकात पाते अडू लागले, तर घोड्यांना जरा मागे घेऊन, चाल वाढवून पुन्हा पिकात शिरावे लागे. मागे घेताना किंवा वळताना पाते उलट-सुलट चालू नये म्हणून चाकात खटक्याची व्यवस्था आली, जी फक्त पुढच्या दिशेनेच शक्ती पोहोचवते. आपल्या सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये तेच तत्त्व आहे.

घोडे यंत्राच्या समोर न जुंपता एका बाजूला का जुंपत?

समोर जुंपले तर ते उभे पीक तुडवतील. बेलने त्यांना मागे घातले, त्यामुळे शेताच्या कडेला विळ्याने वाट मोकळी करावी लागत नसे. पण मागून ढकललेले यंत्र वळवणे अवघड होते. मॅकॉर्मिक आणि हसी यांनी कापणारा भाग उजवीकडे काढला आणि घोडे डावीकडे, आधीच कापलेल्या पट्ट्यावरून चालवले. पण ओढ एका बाजूला आणि अडथळा दुसऱ्या बाजूला असल्याने यंत्र सतत पिकाकडे वळू पाहते आणि घोड्यांच्या मानेवर आडवा ताण येतो. दांडीची जागा बदलून आणि कापणाऱ्या भागाच्या बाहेरच्या टोकाला लहान चाक देऊन हा ताण कमी करण्यात आला. त्याच टोकाला एक टोकदार फळी बसवली जाई; ती कापायचे पीक आणि उभे ठेवायचे पीक वेगळे करी. तिच्याशिवाय लोळलेल्या पिकात यंत्र नेणे अशक्य होते.

कापलेले पीक बाजूला ओढणारा माणूस कधी गेला?

कापलेले पीक पात्यामागच्या लाकडी फलाटावर पडे आणि एक माणूस दाताळ्याने त्याचे पेंढीएवढे कडपे करून जमिनीवर ओढी. उन्हात, धुळीत, घोड्यांच्या चालीशी मेळ राखून दिवसभर हे करणे अतिशय कष्टाचे होते. मॅकॉर्मिकने 1847 च्या पेटंटात त्याच्यासाठी बैठक दिली खरी, पण काम तेवढेच राहिले.

1852 च्या सुमारास इलिनॉयमधील जेरम ॲटकिन्स या अंथरुणाला खिळलेल्या कारागिराने माणसाच्या हातासारखी वळणारी यांत्रिक भुजा बनवली. लोक तिला ‘लोखंडी माणूस’ म्हणत. ती पाहायला विलक्षण होती, पण सांध्यांची गुंतागुंत फार. न्यूयॉर्क राज्यातील ब्रॉकपोर्ट येथील सेमूर आणि मॉर्गन यांच्या कारखान्याने फलाटच वर्तुळाच्या चतुर्थांशासारखा केला, म्हणजे दाताळे साध्या गोल गतीने फिरले तरी पीक घोड्यांच्या वाटेतून बाजूला पडते. मेरीलँडच्या ओवेन डॉर्सीने 1856 मध्ये पंखा आणि दाताळे एकत्र केले: फिरणारे काही हात पीक पात्यावर झुकवीत आणि काही खाली उतरून फलाट झाडून काढीत.

एवढे झाल्यावर मजूर कमी लागू लागले का?

कापणारे कमी झाले, पण बांधणारे झाले नाहीत. दोन घोड्यांचे यंत्र दिवसाला दहा-बारा एकर कापी आणि त्याच्यामागे पेंढ्या बांधत पाच-सहा माणसे वाकून चालत. यंत्राची पुढची फेरी येण्याआधी वाट मोकळी व्हायलाच हवी, म्हणून यंत्राचा वेगही बांधणाऱ्यांच्या वेगावर अडे.

इलिनॉयमधील डीकॅल्बजवळचे चार्ल्स आणि विल्यम मार्श हे भाऊ यावर उपाय शोधत होते. त्यांनी 1858 च्या पेटंटात पीक खाली टाकण्याऐवजी कापडी पट्ट्यांवरून मुख्य चाकाच्या वरून पलीकडे नेले. तिथे यंत्रावरच उभ्या असलेल्या दोन माणसांच्या कमरेच्या उंचीवर ते येई आणि ते टेबलावर पेंढी बांधून खाली सोडीत. वाकणे आणि चालणे गेले, एवढ्यानेच पाच-सहांचे काम दोघांवर आले. या यंत्राला मिळावे तेवढे महत्त्व मिळालेले नाही, असे आम्हांला वाटते. कारण पीक वर, एका ठरावीक जागी आल्यावरच ते यंत्राने बांधण्याचा विचार शक्य झाला. पुढची सर्व बांधणी यंत्रे मार्शच्या सांगाड्यावर उभी राहिली.

पेंढी बांधायला आधी तार का वापरली आणि ती का सोडली?

तारेला गाठ मारावी लागत नाही. दोन टोके एकत्र पिळली की झाले. विस्कॉन्सिनच्या चार्ल्स विदिंग्टनच्या यंत्रात दोन पोलादी भुजा तार पेंढीभोवती फिरवून पीळ देत. मॅकॉर्मिकने हे हक्क घेतले, वॉल्टर वूडच्या कारखान्यानेही तारेची यंत्रे काढली आणि 1870 च्या दशकात ती हजारोंनी विकली गेली. तक्रारी मात्र लगेच सुरू झाल्या. मळणीत तारेचे तुकडे पेंढ्यात राहत आणि ते जनावरांच्या पोटात जाण्याची भीती असे. दाण्यांबरोबर ते गिरणीत गेले, तर तिथली यंत्रे बिघडत. बांधून झालेली तार वाया जाई ती वेगळीच.

सुतळीची गाठ यंत्र कशी मारत असे?

हा भाग समजून घेण्यासारखा आहे, कारण बोटांशिवाय गाठ ही कल्पनाच लोकांना अशक्य वाटे. विस्कॉन्सिनच्या जॉन ॲपलबीने तरुणपणीच, 1858 मध्ये, पक्ष्याच्या चोचीसारख्या आकड्याची कल्पना केली होती; यशस्वी यंत्र तयार व्हायला त्यानंतर वीस वर्षे गेली.

कापलेले पीक पट्ट्यांवरून टेबलावर येते आणि छोट्या भुजा ते दाबून बसवतात. पेंढी पुरेशी मोठी झाली की तिच्या दाबाने एक खटका सुटतो आणि बांधणीची यंत्रणा तेवढ्यापुरती मुख्य गतीशी जोडली जाते. म्हणजे पेंढीचा आकार पेंढीच ठरवते. खटक्याची स्प्रिंग घट्ट-सैल करून शेतकरी तो बदलू शकतो. आता खालून एक मोठी वाकडी सुई सुतळी घेऊन पेंढीभोवती वर येते. सुतळीचे पहिले टोक एका चकतीच्या खाचेत आधीच धरलेले असते; सुई दुसरा पदर त्याच्याजवळ आणून ठेवते. दोन्ही पदर चोचीवर आडवे पडतात. चोच एक पूर्ण फेरा घेते, त्यामुळे तिच्याभोवती सुतळीचा फास पडतो. फेरा संपताना चोच उघडून दोन्ही पदर जबड्यात पकडते. त्याच क्षणी पाते सुतळी कापते. मग फेकणारे हात पेंढी बाहेर ढकलतात आणि त्या ओढीने फास चोचीवरून निसटतो. जबड्यात धरलेले पदर त्यातून ओवले जाऊन गाठ आवळली जाते. गाठ घट्ट करायला वेगळा भाग ठेवलेला नाही, हे काम पेंढीच्या वजनावर आणि धक्क्यावर सोपवले आहे.

कारखानदार विल्यम डीअरिंगने या यंत्रणेवर पैज लावली आणि 1880 च्या हंगामासाठी 3000 यंत्रे बाजारात आणली. पुढच्याच वर्षी मॅकॉर्मिकलाही सुतळीकडे वळावे लागले. आता यंत्रावर घोडे हाकणारा एकच माणूस उरला. यंत्र मात्र जड झाले; दोनऐवजी तीन-चार घोडे लागू लागले. कापडी पट्टे रात्री सैल करून ठेवावे लागत, कारण दवाने ते आक्रसत आणि ताणाने लाकडी काठ्या मोडत.

गवत कापायचे यंत्र वेगळे का झाले?

गवत गव्हापेक्षा जमिनीच्या अधिक लगत कापावे लागते आणि ते गोळा करायचे नसते, जागेवरच वाळू द्यायचे असते. त्यामुळे फलाट आणि पंखा ओझे ठरतात. बफेलोच्या विल्यम केचमने 1840 च्या दशकात फक्त गवतासाठी यंत्र बनवले. ओहायोतील कँटन येथे ल्यूइस मिलरने 1850 च्या दशकाच्या अखेरीस दोन चाकांच्या गाड्याला बिजागरीने जोडलेली पात्याची भुजा दिली. ती जमिनीच्या चढउतारांप्रमाणे वरखाली होई आणि रस्त्याने जाताना उभी दुमडून ठेवता येई.

पेटंटांवरून खटले झाले का?

पुष्कळ. मॅकॉर्मिकच्या मूळ पेटंटाची मुदत 1848 मध्ये संपली आणि ती वाढवून मिळाली नाही. मग त्याने नंतरच्या सुधारणांच्या पेटंटांवर लढे दिले. रॉकफर्डच्या जॉन मॅनीविरुद्धचा खटला सर्वांत प्रसिद्ध आहे, तो वकिलांमुळे. मॅनीच्या बाजूने अब्राहम लिंकन यांना नेमले होते, पण 1855 मध्ये सिनसिनाटीत एडविन स्टँटन आणि इतर वकिलांनी त्यांना बोलूही दिले नाही. याच स्टँटनना लिंकन यांनी पुढे युद्धमंत्री केले. निकाल मॅनीच्या बाजूने लागला आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला.

ही यंत्रे बैलांनी चालली असती का? महाराष्ट्रात ती का दिसली नाहीत?

बैलांची चाल मंद असते आणि चाक हळू फिरले की पातेही हळू चालते. दातेरी चक्रांचे प्रमाण बदलून ही अडचण काही अंशी दूर करता येते. खरे अडथळे दुसरे होते. लहान तुकड्यांची शेते, बांध, आणि हंगामात मिळणारे मजूर यांमुळे एवढ्या किमतीचे यंत्र परवडत नव्हते. शिवाय ज्वारीचे जाड, उंच ताट हे गव्हाच्या काडीसाठी बनवलेल्या पात्याचे काम नव्हे आणि रब्बी ज्वारी अनेक ठिकाणी मुळासकट उपटूनच काढतात, कारण कडब्याची किंमत दाण्याइतकीच मोलाची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आधी लोखंडी नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रे बनवली, यामागेही इथल्या शेतीची हीच गरज होती.

जुन्या चित्रातील यंत्र कोणत्या टप्प्याचे आहे, हे कसे ओळखावे?

यंत्राशेजारी किंवा यंत्रावर दाताळे घेतलेला माणूस असेल, तर ते 1850 च्या आसपासचे साधे यंत्र आहे. माणसाऐवजी पवनचक्कीसारखे चार-पाच वाकडे हात दिसले, तर ते आपोआप पीक ओढणारे. मोठ्या चाकावरून चढणारे कापडी पट्टे आणि टेबलाशी उभी दोन माणसे असतील, तर मार्शचे. तेच पट्टे असून माणूस एकटाच असेल आणि सुतळीच्या गुंड्यांचा डबा लावलेला असेल, तर बांधणी यंत्र, म्हणजे 1880 नंतरचे.

घोडे जाऊन ट्रॅक्टर आल्यावर या यंत्रांचे काय झाले?

सुरुवातीला घोड्यांच्या जागी ट्रॅक्टर फक्त पुढे जोडला गेला. पाते आणि गाठ मारणारी यंत्रणा जमिनीवरच्या चाकावरच चालत राहिली. 1920 च्या दशकात ट्रॅक्टरच्या इंजिनातून फिरत्या दांड्याने थेट शक्ती देणारी बांधणी यंत्रे आली. चाक चिखलात घसरले तरी पाते चालू राहू लागले आणि दाट पिकात यंत्र थांबवून आधी पाते मोकळे करता येऊ लागले. कंबाइन स्वस्त झाल्यावर बांधणी यंत्रे मागे पडली, पण त्रिकोणी तुकड्यांचे पाते आजच्या बहुतेक कंबाइनवर आहे आणि चोचीसारखा आकडा चाऱ्याचे गठ्ठे बांधणाऱ्या बेलरमध्ये अजूनही गाठी मारतो.